बानशियाचा कंद खाजरा का? औषधी वनस्पतीतला दाहक घटक शोधताना

बानशिया हा चिनी वैद्यकातला रोजच्या वापरातला कंद. कफ सुटायला, मळमळ आणि उलटी थांबवायला तो जवळजवळ दोन हजार वर्षं दिला जातोय. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव पिनेलिया टर्नाटा. हाच कंद कच्चा असला की सोलणाऱ्याचे हात खाजतात, तोंडात गेला तर जीभ बधिर होते आणि घशात सुया टोचत राहतात. चीन सरकारनं १९८८ साली विषारी औषधांसाठी नियम केले, त्यातल्या २८ द्रव्यांच्या यादीत कच्चा बानशिया आहे. तुरटी, चुना किंवा आलं वापरून शुद्ध केलेला बानशिया मात्र त्या यादीत नाही.

मग कच्च्यात असं काय आहे, जे शुद्ध केल्यावर जातं? फार्मसी, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांच्या हाती असा प्रकल्प पहिल्यांदाच आलाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बानशिया मुद्दाम निवडला. दाहक घटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा रेणू येतो. मग आपण पूड अल्कोहोलमध्ये भिजवतो, गाळतो, गाळलेला अर्क यंत्रात घालतो आणि चोथा टाकून देतो. बानशियात खाज आणणारा मुख्य ऐवज त्या चोथ्यातच असतो.

आपल्याकडच्या वाचकाला हा कंद परका वाटायचं कारण नाही. बानशिया सुरणाच्या कुळातला आहे. अळू, सुरण, पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्या-रायगडच्या बाजारात येणारी शेवळं, सह्याद्रीच्या माथ्यावरचा सापकांदा ही सगळी त्याच कुळातली मंडळी. सुरण चिरताना हाताला तेल लावायचं, अळूला चिंच किंवा कोकम घालायचं, शेवळांत काकडं घालायची, हे ज्यांच्या घरात चालतं त्यांना या लेखातला अर्धा प्रश्न आधीच ठाऊक आहे. कच्चा बानशिया इथं सहज मिळत नाही आणि मिळवण्याची घाईही करू नये. खालच्या पहिल्या काही पायऱ्या अळूच्या देठावर आणि सुरणावर गिरवता येतात. हात बसला की मग संस्थेमार्फत, कागदपत्रांसह आलेल्या नमुन्याकडे वळा.

आधी डोळे, मग हात

कोरडी पूड हा या कामातला सगळ्यात वाईट प्रकार. ओला कंद हाताला खाजवतो, पण पूड उडते, डोळ्यांत जाते, श्वासातून घशात जाते. दळणं आणि चाळणं धूर ओढून घेणाऱ्या कपाटात करा, बंद चष्मा आणि चांगला मास्क लावा, नायट्राइलचे हातमोजे घाला. मोजे काढण्याआधी चेहऱ्याला हात नाही. डोळ्यांत गेलंच तर न चोळता निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. तोंडात जाऊन जीभ किंवा घसा सुजायला लागला तर वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

चव बघायची नाही. जुन्या ग्रंथांत आणि चिनी औषधकोशातसुद्धा चवीचा उल्लेख ओळखीची खूण म्हणून येतो, पण ती अनुभवी परीक्षकांची पद्धत आहे, प्रकल्प करणाऱ्याची नव्हे. स्वतःच्या किंवा मित्राच्या हातावर पूड चोळून बघणं हेही त्यातच आलं.

पायरी १: हातातला माल नक्की कोणता?

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक उरकतात, आणि पुढं महिनाभर भलत्याच वनस्पतीवर काम करतात. खरा वाळलेला बानशिया गोलसर असतो, व्यास साधारण एक ते दीड सेंटिमीटर, रंग पांढरा किंवा फिकट पिवळसर. वरच्या बाजूला देठाचा खोलगट वण आणि त्याच्याभोवती मुळांच्या बारीक ठिपक्यांसारख्या खुणा. मोडला तर आत पांढरा, पिठूळ. बाजारात त्याच्या जागी बऱ्याचदा टायफोनियम फ्लॅजेलिफॉर्मचा कंद येतो. तो लांबट, खाली निमुळता होत जाणारा असतो. तोही खाजरा, तोही याच कुळातला, त्यामुळे ‘खाजतोय म्हणजे बानशियाच’ हा तर्क चालत नाही. पिनेलियाच्याच दुसऱ्या एका जातीचे लहान कंदही मिसळलेले सापडतात.

दुसरा प्रश्न, माल कच्चा की प्रक्रिया केलेला? तुरटीतून काढलेले काप करडसर, अर्धपारदर्शक आणि ठिसूळ होतात. चुना-ज्येष्ठमधातून काढलेला कंद पिवळट दिसतो. पुरवठादाराच्या पाकिटावर नुसतं ‘बानशिया’ लिहिलेलं असेल तर ते पाकीट बाजूला ठेवा. नमुन्याचा थोडा भाग तारीख घालून जपून ठेवायला विसरू नका, शंका आली की परत त्याच्याकडेच यावं लागतं.

पायरी २: खाज केव्हा येते ते विचारा

प्रयोगशाळेत शिरण्याआधी हा एक प्रश्न विचारला तर बरंच काम वाचतं. त्वचेला त्रास देणाऱ्या वनस्पती सगळ्या एकाच वाटेनं त्रास देत नाहीत, आणि प्रत्येक वाटेचं घड्याळ निराळं असतं.

बिब्ब्याचं उदाहरण घ्या. कुणाला बिब्बा उततो, कुणाला काहीच होत नाही. उतला तरी बहुधा एक-दोन दिवसांनी, आणि एकदा उतला की पुढच्या वेळी थोड्यानंही उततो. ही अ‍ॅलर्जी आहे. चीन-जपानमधल्या लाखेच्या झाडाचा चीक याच जातीचा, कारण दोन्हींतली रसायनं एकमेकांच्या जवळची आहेत. बावची चिनी वैद्यकातही वापरतात. तिच्यातलं सोरालेन अंधारात गप्प असतं, लावलेल्या जागेवर ऊन पडलं की मग त्वचा भाजल्यासारखी लाल होते. जमालगोट्याचं तेल सगळ्यांनाच दाह करतं, पण लागल्या क्षणी नाही, काही तासांत. त्यातले फोरबॉल एस्टर पेशींच्या आतल्या संदेशवहनात ढवळाढवळ करतात.

बानशियाची खाज यांपैकी कशातच बसत नाही. ती लगेच येते, सगळ्यांना येते, ऊन असो वा नसो. टोचल्यासारखी असते, जळल्यासारखी कमी. तेव्हा संशय प्रथम यांत्रिक कारणावर घ्यायचा, म्हणजे त्वचेत शिरणारी काहीतरी टोकदार वस्तू. हा अजून पुरावा नव्हे, पण आधी सूक्ष्मदर्शक उघडायचा की रसायनांचं यंत्र, हे त्यावरून ठरतं.

जमालगोट्याची कथा इथं थोडक्यात सांगतो, कारण पाठ्यपुस्तकांतली पद्धत तिच्यासारख्या कामांतून रुळलीय. जर्मनीत हायडेलबर्गला एरिक हेकर यांच्या गटानं १९६०च्या दशकात त्या तेलाचे भाग पाडत नेले, प्रत्येक भाग उंदराच्या कानाला लावून लाली येते का पाहिलं, आणि लाली आणणाऱ्या भागामागं जात जात फोरबॉल एस्टरपर्यंत पोचले. तिथं ही पद्धत चपखल बसली, कारण दाहक घटक तेलात विरघळलेला होता. जे विरघळतच नाही, त्याच्यामागं या वाटेनं जाता येत नाही.

पायरी ३: सूक्ष्मदर्शक

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. महागडं काही लागत नाही, कॉलेजातला चाळीसच्या भिंगाचा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

पहिला सराव अळूवर करा. ताज्या देठाचा ब्लेडनं पातळ काप घ्या, पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टाका आणि लगेच बघा. मधूनमधून इतरांहून वेगळ्या, लांबट पेशी दिसतील, त्यांच्या पोटात सुयांची जुडी. नशीब चांगलं असेल तर त्या पेशीच्या टोकातून सुया एकेक करून पाण्यात फेकल्या जाताना दिसतात. हे दृश्य एकदा बघितलेला माणूस अळू चिरताना आपोआप सांभाळून चिरतो. या सुया म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक.

आता बानशियाची पूड. दळताना जोर लावू नका. सुया मोडल्या की मोजमापं फसतात, शिवाय पुढच्या पायऱ्यांत तुम्हाला त्या अखंड हव्या आहेत. दोन स्लाइडी करा. एक पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये, तीत पिष्टकण बघायचे. बानशियाचे सुटे पिष्टकण गोलसर, २ ते २० मायक्रोमीटरचे, मध्यबिंदूपाशी फट किंवा चांदणीसारखी खूण असलेले. दोन ते सहा कण चिकटून झालेले जोडकणही भेटतात. दुसरी स्लाइड क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात, हलकेच गरम करून. यात पिष्ट फुगून नितळ होतं आणि सुया उघड्या पडतात. चिनी औषधकोशात त्यांची लांबी २० ते १४४ मायक्रोमीटर दिलीय. काही लंबगोल श्लेष्मपेशींमध्ये जुडीनं असतात, काही विखुरलेल्या.

सुया दिसत नाहीत अशी तक्रार नवखे हमखास करतात. त्या फार बारीक आणि नितळ असतात, म्हणून भरपूर उजेडात विरून जातात. कंडेन्सरखालची झडप बारीक करा, उजेड कमी करा, की कडा उठून येतात. याहून चांगला उपाय ध्रुवित प्रकाशाचा. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरच्या पोलरायझर फिल्मचे दोन तुकडे मिळवा, एक दिव्यावर आणि एक भिंगाच्या वाटेत ठेवा, आणि वरचा तुकडा सगळं काळं होईपर्यंत फिरवा. काळ्या पार्श्वभूमीवर स्फटिक लखलखतात. कच्चे पिष्टकणही चमकतात, पण त्यांच्यावर काळी फुली असते. गरम केलेल्या स्लाइडीत ती फुली विझते, सुया मात्र तशाच चमकत राहतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कुठं मिळाला तर सुईचं टोक आणि अंग नक्की बघा. या कुळातल्या सुयांच्या अंगावर लांबट खाचा आणि मागं वळलेले बारीक काटे आढळलेत. खाचेची गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

पायरी ४: थेंबभर आम्ल

सुईसारखं दिसलं म्हणून ते कॅल्शियम ऑक्झलेटच, असं नाही. जुनी चाचणी अजूनही उत्तम आहे. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब टाका, दुसऱ्या कडेनं टिपकागदानं पाणी ओढा, आणि नजर एकाच सुईवर ठेवा. अ‍ॅसिटिक आम्लात कॅल्शियम ऑक्झलेट जागचं हलत नाही. कॅल्शियम कार्बोनेट असतं तर बुडबुडे काढून विरघळलं असतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात सुया बुडबुड्यांविना विरघळतात. सल्फ्युरिक आम्लात मात्र एक गंमत होते. जुन्या सुया जातात आणि त्यांच्या जागी कॅल्शियम सल्फेटच्या नव्या सुया उगवतात. हे माहीत नसलेला विद्यार्थी ‘सुया विरघळत नाहीत’ असं वहीत लिहून मोकळा होतो.

ही पायरी हातात आल्यावर एक जोडप्रयोग अळूच्या कापावर करून बघा, चिंचेच्या कोळाचा. चिंचेनं सुया विरघळतात असं सर्रास सांगितलं जातं. अ‍ॅसिटिकसारख्या सौम्य आम्लात न विरघळणाऱ्या सुया चिंचेत किती विरघळतात, किती वेळात, शिजवून की न शिजवता, हे स्लाइडीवर पडताळायला एक दुपार पुरते. उत्तर काहीही येवो, घरोघरच्या समजुतीवरचा तो तुमचा स्वतःचा पुरावा असेल.

पायरी ५: वेगळं करणं, पण काहीही न फेकता

आता पुडीचे भाग पाडायचे. नियम एकच: कुठलाच भाग टाकायचा नाही, चोथासुद्धा.

पुडीचा एक वाटा पेट्रोलियम ईथरनं, मग अल्कोहोलनं काढा. दोन्ही अर्क बाजूला ठेवा, उरलेला चोथा वाळवून जपा. दुसरा, मोठा वाटा गार पाण्यात कालवा. गार पाणी महत्त्वाचं आहे. गरम केलंत तर पिष्टाची खळ होते, सुया तिच्यात अडकतात आणि प्रथिनंही बिघडतात. बारीक चाळणीतून हे पाणी काढा, भांड्यात निवळू द्या, थर अलग करा, परत पाणी घाला, परत निवळू द्या. कॅल्शियम ऑक्झलेट पिष्टापेक्षा जड असतं, पण सुया इतक्या बारीक की अपेक्षेइतक्या भराभर खाली बसत नाहीत. सगळ्यात जास्त छळतं ते पिष्टच. ते काढायला अमायलेज वापरायचा मोह होतो, पण त्या विकराबरोबर बाहेरचं प्रथिन नमुन्यात शिरतं, आणि आपल्याला पुढं प्रथिनाचाच शोध घ्यायचाय.

कुठल्या थरात काय आहे हे बाटलीवरच्या लेबलवर विसंबून ठरवू नका. प्रत्येक थराची स्लाइड करा. शेवटी तुमच्याकडे निदान पाच गोष्टी हव्यात: ईथरचा अर्क, अल्कोहोलचा अर्क, वरचं निवळ पाणी, पिष्टाचा थर, आणि सुयांनी भरलेला थर.

ऑक्झलेट मोजायचं असेल तर एक वाटा नुसत्या पाण्यानं काढा, एक विरल हायड्रोक्लोरिक आम्लानं. आम्लातल्या आकड्यातून पाण्यातला वजा केला की न विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा अंदाज मिळतो. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन स्वस्त आहे, पण साखरा आणि प्रथिनंही परमँगनेट खातात, म्हणून आधी ऑक्झलेटचा कॅल्शियमबरोबर अवक्षेप काढून धुवून घ्या. एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, असेल तर प्रश्नच नाही.

पायरी ६: सुईला काय चिकटलंय?

सुयांचा थर शुद्ध कॅल्शियम ऑक्झलेट असता तर गोष्ट इथं संपली असती. नानजिंग चिनी वैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी बानशियाच्या सुया वेगळ्या करून तपासल्या, तेव्हा ऑक्झलेटसोबत प्रथिन आणि थोडी बहुशर्कराही निघाली. प्रथिनांत महत्त्वाचं लेक्टिन, मॅनोज या शर्करेला धरणारं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ते साधारण १२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास पट्टा देतं.

तुमच्या थरात ते आहे का हे बघायला सुया हलक्या बफरनं धुवा, धुवणाचं पाणी आणि सुया दोन्ही जेलवर चालवा. निवळ पाण्याचाही नमुना शेजारी चालवा, कारण लेक्टिनचा बराचसा भाग तिथंही असतो. लेक्टिन नुसतं आहे की अजून जागं आहे, हे सशाच्या तांबड्या पेशी गोळा होतात का यावरून कळतं. मॅनोज घातल्यावर ते गोळा होणं थांबलं, तर निदान पक्कं.

मधला मोह: देखणे रेणू

अल्कोहोलचा अर्क मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, घातलात की बरीच शिखरं दिसतील, त्यांत होमोजेंटिसिक आम्लही असेल. १९६०च्या दशकात जपानमध्ये याच आम्लाकडे बानशियाच्या तिखट, टोचऱ्या गुणाचं कारण म्हणून बोट दाखवलं गेलं होतं. नंतर डायहायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइडच्या ग्लुकोसाइडचं नाव पुढं आलं. हे रेणू कंदात आहेत, यात खोटं काही नाही. पण ‘आहे’ आणि ‘त्यानंच होतंय’ यांत मोठं अंतर आहे. अर्क काढून घेतलेल्या चोथ्याची खाज कितपत टिकते आणि तो रेणू कंदात जेवढा असतो तेवढाच एकट्यानं लावला तर काय होतं, हे दोन प्रश्न विचारले की पुष्कळ देखणी शिखरं गप्प होतात.

माझं मत विचाराल तर नवख्यानं हे यंत्र शेवटी वापरावं. ते इतकं बोलकं आहे की माणूस मूळ प्रश्न विसरतो.

पायरी ७: दाह मोजायचा कसा?

चिनी प्रयोगांत बराच काळ सशाच्या डोळ्याची चाचणी वापरली गेली, ड्रेझ यांनी १९४४ साली मांडलेल्या पद्धतीच्या वळणावरची. विद्यार्थ्याच्या प्रकल्पासाठी तिचा विचार करू नका. कुठलाही प्राणिप्रयोग संस्थेच्या नीती समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि इथं त्याच्याविना बरंच काही करता येतं.

एक वाट म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी बाह्यत्वचा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४३९ क्रमांकाची मार्गदर्शिका तिच्यावर आधारलेली आहे. द्रव्य वर लावायचं, नंतर जिवंत पेशींचं प्रमाण मोजायचं. ते ५० टक्के किंवा खाली आलं तर द्रव्य दाहक. दोन खाचखळगे लक्षात ठेवा. जिवंतपणा मोजणारा एमटीटी रंग होमोजेंटिसिक आम्लासारखी क्षपण करणारी द्रव्यं स्वतःच बदलू शकतात आणि मेलेली पेशी जिवंत भासते, म्हणून पेशींशिवायची तुलना ठेवलीच पाहिजे. दुसरं, वर नुसती ठेवलेली सुई आत शिरेलच असं नाही. सोलताना, चोळताना जो दाब पडतो तो या चाचणीत नसतो. त्यामुळे इथं ‘दाह नाही’ असं उत्तर आलं तर त्यावरून कंद निर्धोक ठरत नाही.

दुसरी वाट भक्षकपेशींची, म्हणजे शरीरात शिरलेलं परकं गिळणाऱ्या पेशींची. त्यांच्या संवर्धनात सुया किंवा लेक्टिन घालून दाहाचे निरोप देणारी प्रथिनं, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१ बीटा, किती सुटतात ते मोजायचं. बानशियावरच्या अलीकडच्या कामाचा मोठा भाग असाच झालाय. इथं सूक्ष्मजंतूंच्या एंडोटॉक्सिनवर नजर ठेवा, मातीतून आलेल्या कंदात ते असायचंच आणि तेही अगदी हेच निरोप पाठवतं.

पायरी ८: काढून बघा, परत घालून बघा

सगळ्या पायऱ्यांत ही सगळ्यात जास्त जपावी अशी. एखाद्या भागात दाह दिसला की लोक तिथंच थांबतात. खरं तर तिथून पुढं काम सुरू होतं. तो घटक काढल्यावर दाह जातो का, आणि परत घातल्यावर येतो का? दोन्हींना ‘हो’ आलं तरच त्याला दाहक घटक म्हणायचं.

बानशियासाठी गट साधारण असे लागतील: अखंड सुया, प्रथिन काढून टाकलेल्या सुया, कुटून बोथट केलेल्या सुया, नुसतं लेक्टिन, लेक्टिन आणि स्वच्छ सुया एकत्र, आणि बाजारातली साधी कॅल्शियम ऑक्झलेटची पूड. शेवटचा गट क्षुल्लक वाटतो, पण रसायन तेच आणि आकार वेगळा असल्यामुळे ‘ऑक्झलेट दाहक आहे’ आणि ‘ऑक्झलेटची सुई दाहक आहे’ यांतला फरक तोच सांगतो.

असं एक सुंदर काम जपानमध्ये झालं, २०१४ साली प्रसिद्ध झालेलं, बानशियावर नव्हे तर किवी फळाच्या सुयांवर. एरी रेशमाच्या अळ्यांना खाद्यातून नुसत्या सुया दिल्या तर फारसं बिघडलं नाही. नुसतं प्रथिनं तोडणारं विकर दिलं तरी नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर अळ्या मेल्या. सुईऐवजी आकारहीन ऑक्झलेट घेतलं तर ही भागीदारी दिसली नाही. सुई भोक पाडते आणि त्या भोकातून प्रथिन आत जातं, इंजेक्शनसारखं. बानशियात विकराच्या जागी लेक्टिन आहे, बाकी मांडणी जवळची. सुईच्या अंगावरच्या खाचा बघायला सांगितलं ते यासाठी.

म्हणून अहवालात ‘दाहक घटक: अमुक’ अशी एकच ओळ लिहायची सवय इथं मोडावी लागते. बानशियात दाह करणारी गोष्ट म्हणजे स्फटिकाचा आकार आणि त्याच्याबरोबर आत शिरणारं प्रथिन यांची जोडी.

पायरी ९: शुद्ध केलेल्या मालावर पडताळा

चिनी वैद्यांनी या जोडीवर उपाय शोधले तेव्हा सुया कुणाला दिसल्या नव्हत्या. औषधकोशातली प्रमाणं अशी: १०० किलो कंदाला तुरटीच्या प्रक्रियेत २० किलो तुरटी, आल्याच्या प्रक्रियेत २५ किलो आलं आणि १२.५ किलो तुरटी, तिसऱ्या प्रकारात १५ किलो ज्येष्ठमध आणि १० किलो कळीचा चुना. भिजवण कंदाच्या गाभ्यात कोरडा भाग उरत नाही तोवर चालते. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे, घरी बानशिया शुद्ध करून खाण्यासाठी नव्हे.

तुमच्या निष्कर्षाची परीक्षा इथं होते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्झलेटला बांधून घेतं, त्यामुळे सुया झिजतात, मोडतात, आणि लेक्टिनही बिघडतं. म्हणजे तुरटीच्या मालात सुया कमी आणि खरबरीत दिसायला हव्यात. चुन्याच्या द्रावणाचा पीएच १२च्या वर ठेवायचा असतो, आणि इतक्या अल्कधर्मी पाण्यात लेक्टिनचा टिकाव लागत नाही. तेव्हा जेलवरचा १२ किलोडाल्टनचा पट्टा पुसट झालाय का, ते बघायचं. आल्याचं काम वेगळं. नानजिंगच्या प्रयोगांतून दिसतं की ते दाहाची पुढची साखळी आवरतं. म्हणूनच कदाचित आल्याच्या कृतीतून तुरटी कधी गळली नाही.

कच्चा आणि तिन्ही प्रकारचा शुद्ध माल घ्या, आणि चारही नमुन्यांवर सुयांची मोजणी, न विरघळणारं ऑक्झलेट, लेक्टिनची जाग आणि भक्षकपेशींचा प्रतिसाद हे एकाच तक्त्यात मांडा. सुया भरपूर पण लेक्टिन मेलेलं, असा एखादा नमुना सापडला तर तो सोडू नका, जोडीचा सिद्धांत तपासायला त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. तुरटीच्या मालात उरलेली तुरटीही मोजा. औषधकोशात तिला मर्यादा आहे, तुरटीच्या प्रकारात १० टक्के आणि आल्याच्या प्रकारात ८.५ टक्के. खाज घालवण्यासाठी तुरटी वाढवत नेली की खाज जाते, पण माल या मर्यादेबाहेर जातो, आणि तसा नमुना तुमच्या तक्त्यात ‘शुद्ध’ या रकान्यात बसत नाही.